दहा फुटी शिडीचा भाव

माणसाचा विश्वास कशावर बसतो आणि कशावर बसत नाही, हे पाहायचं असेल तर त्याला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या टेबलाशी बसवावं. या खेळात एक प्राणी आहे. पारदर्शक जेलीचा, दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच असा ठोकळा. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. तळघरांच्या बोळांमधून तो सरपटत जातो आणि वाटेत येणारं सगळं, उंदरांपासून शूरवीरांपर्यंत, अंगात ओढून पचवतो. हे सांगितलं की टेबलाभोवतीची शिकलीसवरलेली, गृहकर्ज फेडणारी माणसं गंभीरपणे मान हलवतात. चौकोनीच का, असं कुणी विचारत नाही. मग गोष्ट तळघरातून वर गावात येते. गावात दुकान असतं. दुकानात दहा फुटी शिडी असते. तिचा भाव सांगितला रे सांगितला, की माना हलायच्या थांबतात आणि कुणीतरी म्हणतं, 'एक मिनिट हां.'

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डी.एम. म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. काय करायचं ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. नियमांची पुस्तकं जाडजूड असतात. आग, विष, शाप, भुतं यांचे नियम त्यांत पानंच्या पानं आहेत आणि त्यांवरून फारशी भांडणं होत नाहीत. भांडणं होतात ती खरेदी-विक्रीच्या दोन-चार पानांवरून. ती पानं लिहिणाऱ्याबद्दल मला फार सहानुभूती आहे. तो एकटा लिहितो, आणि त्याच्याविरुद्ध जगभरचे फावल्या वेळातले हिशेबनीस बसलेले असतात.

शिडीचंच घ्या. २००३ साली या खेळाची साडेतीन क्रमांकाची आवृत्ती आली. साडेतीन हा आकडा आपल्या परिचयाचा आहे. आपले मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीन. त्यांतला अर्धा शहाणा फडणीस होता हे इथे लक्षात ठेवायला हरकत नाही. तर या साडेतीनाव्या पुस्तकात दहा फुटी शिडीची किंमत आहे पाच तांब्याची नाणी, आणि दहा फुटी काठीची दोन चांदीची. ही काठी तळघरातल्या फरशा लांबून ठोकून सापळे शोधायला लागते. दहा तांब्यांची एक चांदी, म्हणजे शिडी पाचाला आणि काठी विसाला. आता शिडी म्हणजे काय, तर दोन दहा फुटी काठ्या आणि मधल्या पायऱ्या. शिडी घ्या, पायऱ्या काढा, काठ्या विका. पाचाचे चाळीस. वापरलेला माल निम्म्या भावानेच घेणार म्हणून दुकानदार अडून बसला तरी पाचाचे वीस. वजनाचासुद्धा हिशेब जुळतो. पुस्तकात शिडी वीस पौंडांची आणि काठी आठ पौंडांची. दोन काठ्यांचे सोळा गेले, उरले चार, त्या पायऱ्या. चुलीत घालायला.

ज्यांनी राजकन्या सोडवायला निघावं ती माणसं अशा रीतीने सुतारकाम काढून बसतात. डी.एम. म्हणतो, 'या गावात तीनच शिड्या आहेत.' उत्तर येतं, 'मग पुढच्या गावी जाऊ.' 'तिथे काठ्यांना गिऱ्हाईक नाही.' 'गिऱ्हाईक कसं नाही? पुस्तकात भाव दिलाय की!' छापील भाव म्हणजे हमीभाव, ही श्रद्धा शेतकऱ्याने कधीच सोडली. खेळाडूंमध्ये ती अजून जिवंत आहे. पुढे २०१४ च्या आवृत्तीत लेखकांनी ही गळती बुजवली. शिडी एक चांदी, काठी पाच तांबे. दोन काठ्यांचे दहा तांबे, म्हणजे बरोबर एक शिडी. आता कापाकापीत एका पैचा फायदा नाही. हे वाचून आमच्या गटातले सी.ए. समाधानाने मान हलवतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, 'पायऱ्या आणि मजुरी फुकट? सुतार जगतो कशावर?'

या खेळाचे जनक दोन, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून हा खेळ बाहेर पडला. गायगॅक्स त्याआधी शिकागोत एका विमा कंपनीत अंडररायटर होते, म्हणजे कुणाच्या जिवाला आणि घराला किती धोका आहे ते जोखून हप्ता ठरवणारे. ती नोकरी गेल्यावर त्यांनी काही काळ जोडे दुरुस्त केले. हे कळल्यावर मला खेळातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. कोणत्या दारामागे मरण्याची शक्यता किती, कोणत्या प्राण्याच्या चाव्याने नुकसान किती, सगळं तक्त्यांत मांडलेलं. आणि जुन्या नियमांत शूर कोण, तर जो माल घेऊन परत आला तो. पात्राचा अनुभव मोजायचा तो त्याने आणलेल्या सोन्यावर. एक सोन्याचं नाणं, एक गुण. राक्षस मारल्याचे गुण त्यापुढे किरकोळ. राक्षसाला न उठवता त्याच्या उशाची पेटी पळवणारा हा त्याच्याशी दोन हात करणाऱ्यापेक्षा लवकर मोठा होई. पराक्रमाची ही व्याख्या विमा कंपनीबाहेर कुणाला सुचली असती असं वाटत नाही.

आता सोनंच मोजायचं ठरलं तर ते किती जड हे सांगणं आलं. जुन्या नियमांत दहा नाण्यांचा एक पौंड. इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांवरून हे वाक्य सहज निघून जातं. मराठी वाचक तोळ्याचा हिशेब करतो. एक नाणं जवळजवळ चार तोळ्यांचं निघतं. चांगल्या लांब तलवारीची किंमत पंधरा नाणी, म्हणजे अठ्ठावन्न तोळे. एवढ्यात आपल्याकडे तलवार नाही, दोन मुलींची लग्नं होतात. माझ्या मते त्या काळी शस्त्र सांभाळण्यासाठी योद्धा नेमत असावेत, योद्ध्याला सांभाळण्यासाठी शस्त्र नव्हे.

आणि खरी गंमत पुढे आहे. राक्षस मेला, दहा हजार नाण्यांचा ढीग सापडला. म्हणजे हजार पौंड, साडेचारशे किलो. आता? तिथपर्यंतची सगळी गोष्ट महाकाव्यात शोभेल अशी; तिथून पुढे ती माथाडी कामगारांची गोष्ट होते. खेचरं किती आणायची, त्यांना दाणावैरण किती, खेचर तळघराचा जिना उतरतं का, हमालांना काय द्यायचं, त्यांनीच रात्री गळा कापला तर. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये नाणी हलकी केली, पौंडाला पन्नास. ओझं पाचपट कमी झालं, पण माझ्या मते खेळातला एक अस्सल व्यापारी क्षण गेला. माल मिळणं आणि माल घरी पोचणं यांत जे अंतर असतं त्यावर जगातले निम्मे धंदे उभे आहेत. जादूच्या पिशव्यांनी तर उरलेलं अंतरही संपवलं. वरून लहान दिसणारी, आत दोन-अडीचशे पौंड माल गिळून बसणारी अशी पिशवी या खेळात मिळते. शिवाय जादूगार एका मंत्रात शेकडो मैल पलीकडे जाऊन पोचतो. हे ज्याला येतं तो माणूस ओल्या तळघरात कोळी मारत का फिरतो, हे मला कधी उमगलं नाही. त्याने केशर इकडचं तिकडे केलं तर वर्षभरात त्याच्या नावाची धर्मशाळा उभी राहील.

केशराचा भाव पुस्तकात आहेच. साडेतीनाव्या आवृत्तीत व्यापारी मालाचा एक लहानसा तक्ता आहे आणि तो मी आवडीने वाचतो. पौंडभर गहू एक तांबे. कोंबडी दोन तांबे. बकरी एक सोन्याचं नाणं आणि पौंडभर दालचिनीही तेवढ्यालाच. पौंडभर मिरी दोन नाणी, म्हणजे दोन बकऱ्या. पौंडभर केशर किंवा लवंग पंधरा नाणी, म्हणजे एक बैल. मीठ पौंडाला पाच सोन्याची नाणी. चांदीही पौंडाला पाचच नाणी. मिठाच्या भारोभार चांदी! त्याच पुस्तकात बिगारी मजुराची रोजी एक चांदी आहे. म्हणजे पन्नास दिवस राबावं तेव्हा पौंडभर मीठ घरात यायचं.

आम्ही ज्यांच्या घरी खेळायचो त्या काकूंच्या कानावर हा तक्ता पडला. त्या पोह्यांच्या बशा ठेवत होत्या. 'मिरीला दोन बकऱ्या?' असं म्हणून त्या ओट्याकडे गेल्या आणि मिसळणाचा डबा उघडून त्यांनी मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. मिठाचा भाव त्यांना मुळीच पटला नाही. 'अशाने कुणी कुणाचं मीठ खाईल का?' हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. ज्या जगात मीठ चांदीच्या तोलाचं आहे तिथे खाल्ल्या मिठाला जागणं ही केवढी आर्थिक जबाबदारी! पुढे २०१४ च्या पुस्तकात मीठ पौंडाला पाच तांब्यांवर आलं, शंभरपटीने स्वस्त. मधल्या अकरा वर्षांत त्या जगात मिठागरं निघाली, की कुणा राजाने कर उठवला, याचा खुलासा कुठे नाही.

कर उठवला असेल तर तो राजा कच्चा म्हणायचा. मिठाचं राजकारण काय असतं हे पाहायला शिवाजी महाराजांचं १६७१ सालचं कुडाळच्या सुभेदाराला गेलेलं पत्र वाचावं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, घाटावरचे व्यापारी तिकडे वळत होते आणि महाराजांच्या मुलखातल्या मिठाची विक्री बसायची वेळ आली होती. उपाय तलवारीचा नव्हता. बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवा की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे, असा हुकूम गेला. एवढ्या एका पत्रात खेळाचे चार महिने निघतील. जकात चुकवणारे, नाक्यावरचा लाचखाऊ, रात्री घाट चढणारे बैलांचे तांडे, मधल्या जंगलातलं काहीतरी. पण पुस्तकातल्या तक्त्याला ना घाट असतो ना नाका. सगळ्या मुलखात मीठ पाच नाणी. हा तक्ता लिहिणाऱ्याने आठवडी बाजार पाहिलेला नाही, हे पहिल्या ओळीत कळतं.

अर्थात सगळ्या मुलखासाठी एकच भाव ठरवण्याची हौस रोमन बादशहालाही होती. डायोक्लेशनने इसवी सन ३०१ मध्ये हजाराहून अधिक मालांचे कमाल भाव दगडावर कोरून जाहीर केले. त्या यादीत गहू आहे, न्हाव्याची मजुरी आहे आणि सिंहही आहे. पहिल्या प्रतीचा नर सिंह दीड लाख दिनार. (दुसऱ्या प्रतीचा सिंह कसा ओळखत, हे मला जाणून घ्यायला आवडेल.) जांभळ्या रंगात रंगवलेलं पौंडभर रेशीमही दीड लाखच. भाव ओलांडणाऱ्याला मृत्युदंड. परिणाम व्हायचा तो झाला. व्यापाऱ्यांनी माल दडवला. पण मला त्या यादीचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. सिंह आणि न्हावी एकाच तक्त्यात बसवणारा हा जगातला पहिला डंजन मास्टर असणार.

आमच्या गटात इतिहासाची आवड असलेले एक गृहस्थ होते. छापील भाव त्यांना बघवेनात. त्यांनी स्वतःचे नियम लिहून आणले, अस्सल अठराव्या शतकातल्या दख्खनचे. त्यांच्या जगात दहा तांब्यांची एक चांदी असला सरळ कारभार नव्हता. रुपयेच अनेक, चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का, आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. गावात पोचल्यावर आधी सराफाकडे जायचं. तो नाणं वाजवणार, कसोटी लावणार, कडा झिजल्याबद्दल हळहळणार आणि बट्टा कापणार. मग लोहाराकडे जाऊन तलवार मागितली, तर लोहार म्हणाला, 'विकत?' तो बलुतेदार. गावच्या कुणब्यांचे नांगर-विळे करणार आणि सुगीला खळ्यावर आपल्या वाट्याचं धान्य घेणार. परगावच्या उपटसुंभाला रोख पैशात वस्तू विकण्याचा त्याच्या आयुष्यात प्रसंगच आलेला नव्हता. तलवार पाहिजे तर पाटलाला भेटा. पाटील म्हणाले, 'पेठेच्या गावी जा, मंगळवारचा बाजार असतो.' आज बुधवार होता.

इतकं खरं जग मी कुठल्याच खेळात पाहिलेलं नाही. इतका कंटाळाही कुठल्या खेळात आलेला नाही. नियम लिहिणाऱ्याची कोंडी इथे उघड होते. खरा व्यापार म्हणजे खोळंबा. माल आला नाही, मापाडी जेवायला गेलाय, नदीला पूर आहे, मागच्या उधारीचं काय ते आधी बोला. यातला सगळा खोळंबा काढला तर शिड्या कापणं उरतं, आणि सगळा ठेवला तर बुधवार उरतो. कोणता खोळंबा रंगतदार आणि कोणता नुसताच खोळंबा, हे ओळखणं ही या लेखनातली सगळी कला. पूर ठेवावा, बट्टा काढावा असं माझं मत आहे. त्या गृहस्थांचं मत अर्थातच उलट होतं.

घासाघिशीच्या नियमांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राच्या गोडबोलेपणाचे गुण मिळवायचे आणि आकडा मोठा आला की भाव उतरतो. घासाघीस ही बोलण्यातली कला आहे असा गैरसमज यामागे आहे. कोणत्याही मंडईत जाऊन पाहावं. खरी घासाघीस बोलणं संपल्यावर सुरू होते. 'राहू द्या' म्हणून पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. चौथ्या पावलाला मागून हाक आली पाहिजे. मागे वळून बघितलंत तर हरलात. हाक आली नाही आणि सहावं पाऊल पडलं तर तीच मेथी वरच्या भावाने घ्यायला परत यावं लागतं, आणि तेव्हाचा भाजीवालीचा चेहरा पाहण्याची शिक्षा कुठल्याही शापापेक्षा वाईट. या पावलांचा नियम अजून कुणी लिहिलेला नाही. तशीच गुरांच्या बाजारातली रुमालाखालची बोलणी. दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, चेहरे कोरे, भोवती शंभर माणसं उभी, आणि कुणाला कळत नाही बैल कितीला गेला. एवढी जादू तर खेळातल्या जादूगारालाही येत नाही.

दुकानदारांची बाजूही समजून घ्यायला हवी. जगातला यच्चयावत भंगार माल, रक्ताने माखलेली चिलखतं, राक्षसांच्या कवट्या, चोरीचे पेले, त्यांनी न कुरकुरता विकत घ्यावा अशी अपेक्षा असते. संगणकावरच्या खेळांत लेखकांनी यावर तोड काढली आणि दुकानदाराच्या गल्ल्यात मोजकेच पैसे ठेवले. २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्ये त्यामुळे विलक्षण परिस्थिती उद्भवली. योद्ध्याच्या हातात हजारो मोहरांची तलवार, आणि गावातल्या एकाही वाण्याकडे तेवढी रोकड नाही. ही मोडीची अडचण आपण जाणतो. आपल्याकडे निदान सुट्ट्यांऐवजी गोळ्या देतात. त्या अख्ख्या मुलखात सगळ्यात जास्त रोकड बाळगणारा, दहा हजारवाला व्यापारी कोण, तर एका निर्जन बेटावर राहणारा बोलका खेकडा. तो पूर्ण भावाने माल घेतो. जगाचं तारण करायला निघालेले वीर म्हणून समुद्र ओलांडून खेकड्याकडे जायचे, माल मोडायचे आणि उरलेल्या मालासाठी उद्या गल्ला भरेपर्यंत तिथेच ताटकळायचे. खेकडा हे पैसे आणतो कुठून, हे कुणी विचारलं नाही. व्यापाऱ्याला तो प्रश्न विचारायचा नसतोच.

पैसे देणं सोपं असतं, परत काढून घेणं कठीण. प्रत्येक राक्षसाच्या खिशात चार नाणी ठेवली की जगात रोज नवी नाणी ओतली जातात. गायगॅक्स यांना हे सुरुवातीलाच कळलं होतं. १९७८ च्या पुस्तकात त्यांनी महागाईचं समर्थन करून ठेवलं की अलास्कात सोनं सापडलं तेव्हा एकेक अंडं डॉलरला विकलं जायचं, आमच्या खेळातली गावं तशी समजा. आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात वसुलीचे मार्ग दिले. कर, जकात, देवळाचा वाटा, आणि सगळ्यांत नामी म्हणजे शिकवणी. योद्धा दोन हजारांच्या घरात गुण कमावून, म्हणजे साधारण तेवढंच सोनं आणून, पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायला लायक झाला की त्याने गुरूकडे जायचं. फी आठवड्याला दीड हजार नाणी. शिकवणी एक ते चार आठवडे. किती, ते डी.एम. ठरवणार. कमाई किती आणि फी किती यांचा इतका अचूक ताळमेळ आपल्याकडच्या क्लासवाल्यांनाही साधलेला नाही.

संगणकावर हजारो माणसं एकत्र खेळू लागल्यावर हे प्रकरण हाताबाहेर गेलं. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये आधी बंदिस्त हिशेब होता. जगातलं लोखंड, कापड, लाकूड ठरावीक. वस्तू झिजली की कच्चा माल पुन्हा जगात परत. कागदावर निर्दोष. पण माणूस वस्तू झिजवत नाही, साठवतो. शिवणकामात हात बसावा म्हणून लोकांनी सदऱ्यांवर सदरे शिवले आणि माळ्यावर टाकले. जगातला कच्चा माल माळ्यांवर गेला आणि नव्या माणसाला सुईत ओवायला दोरा उरेना. ज्यांनी दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, वाण्याच्या रबरांचा गोळा आणि मिठाईचे रिकामे खोके असलेलं एक तरी मराठी घर पाहिलंय, त्यांना विचारलं असतं तर हा निकाल आधीच मिळाला असता. २००१ साली एडवर्ड कास्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट' खेळातल्या नॉराथ या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न काढलं, ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी आलं. 'ईव्ह ऑनलाइन' चालवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीने तर २००७ मध्ये अर्थशास्त्राचा डॉक्टर पगारावर ठेवला. पुढे ते गृहस्थ एका खऱ्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. काल्पनिक देशाच्या महागाईचा अहवाल वेळेवर देणारा माणूस कुणालाही हवासाच वाटणार.

पण या सगळ्यांत मला भावलेला नियम अंतराळातला आहे. मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' १९७७ साली आला. त्यात तुम्ही ताऱ्याताऱ्यांमधून माल वाहणारे व्यापारी होऊ शकता. यानाची किंमत तीन कोटी सत्तर लाख ऐंशी हजार क्रेडिट. एवढे कुणाकडे असणार? म्हणून कर्जाची सोय. वीस टक्के आधी भरा, मग दरमहा किमतीचा दोनशे चाळिसावा भाग, म्हणजे एक लाख चौपन्न हजार पाचशे, चारशे ऐंशी महिने. चाळीस वर्षं! एकूण परतफेड मूळ किमतीच्या दोनशेवीस टक्के. अनंत अवकाश, अनोळखी ग्रह, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला हप्ता. शुक्रवारी संध्याकाळी बँकेचा मेसेज विसरायला म्हणून जमलेली माणसं इथे स्वखुशीने, फासे टाकून, दुसरं कर्ज काढतात. आणि रंगतात. कारण हप्ता आला की साहस आपोआप येतं. भलत्या ग्रहावरचा भलता माल कोण कशाला उचलेल, चाळीस वर्षांचं ओझं मानेवर नसेल तर? या खेळात पात्र तयार करता करताच, खेळ सुरू होण्याआधी, ते मरण्याचीही सोय आहे. कर्जदाराच्या दृष्टीने ही सवलतच म्हणायची.

ड्रॅगनकडे यायला उशीर झाला, पण तो कुठे जात नाही. त्याचं कामच बसून राहण्याचं. गुहेत सोन्याच्या ढिगावर शेकडो वर्षं बसून तो करतो काय, या प्रश्नाचं उत्तर आमच्या सी.ए.नी एका संध्याकाळी दिलं. ते म्हणाले, तो सोनं चलनाबाहेर ठेवतो. तो आहे म्हणून पायथ्याच्या गावात कोंबडी दोन तांब्यांना मिळते. तुम्ही त्याला मारणार, तो ढीग खेचरांवर लादून गावात आणणार, आणि महिन्याभरात अंडं डॉलरला. दाखला म्हणून त्यांनी मालीच्या मान्सा मूसाला उभं केलं. हा राजा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला; बारा वर्षांनंतरही तो पुरता सावरला नव्हता, असं अल-उमरी हा इतिहासकार लिहून गेलाय. तात्पर्य, ड्रॅगन ही त्या मुलखाची रिझर्व्ह बँक आहे आणि गव्हर्नरला भाल्याने भोसकणं हे धोरण होऊ शकत नाही.

यावर मतदान झालं. योद्धा सोडून सगळे सी.ए.च्या बाजूने. ठराव असा झाला की ड्रॅगनला न मारता त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवायचा. सोनं त्याच्याकडेच राहील, गुहेतच, तारण म्हणून. गटाने त्या भरवशावर पायथ्याच्या गावात पतपेढी काढायची आणि व्याजातला वाटा दर संक्रांतीला त्याला पोचवायचा. आधी खेळत्या भांडवलासाठी पाच हजार नाणी कर्जाऊ द्यावीत अशी नम्र विनंती. चोराने अर्ज लिहिला, त्याचं अक्षर चांगलं होतं. सगळे गुहेत जाऊन रांगेने उभे राहिले.

डी.एम. स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही. परत आल्यावर त्याने ड्रॅगनचा आवाज काढून सांगितलं, 'प्रस्ताव चांगला आहे. दोन जामीनदार आणा. गावातलेच हवेत, आणि पगारदार.'

गावात ओळखीचा सराफ होता, तो निसटला. पाटलांनी मागच्या जामिनाची कहाणी ऐकवली. लोहार तर बलुतेदार, त्याला पगार कुठला? शेवटी योद्ध्याने काही न बोलता वीस बाजूंचा फासा उचलला. जामीनदार मिळवण्यापेक्षा ड्रॅगन मारणं सोपं, यावर गटाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.